मांजर शेजारी

३ फेब्रुवारी, सोमवार

फ्रिज दुरुस्त करणारा आला होता. फ्रिज ओढण्याआधी त्याने दारावरचे सगळे कागद काढून माझ्या हातात दिले. विजेचं जुनं बिल, दातांच्या डॉक्टरांचा नंबर, आणि सगळ्यांच्या खाली एका पाकिटाच्या पाठीवर हिचं अक्षर. जसंच्या तसं उतरवून ठेवतो.

दूध बंद.
अंडी बंद.
लोकरीचं नको.
चामड्याची बॅग नको, जड.
पेपर बंद.
गॅस बंद.
मांजर शेजारी.

तारीख नाही. पाकिटावर शिक्का सप्टेंबरचा आहे. ही सप्टेंबरच्या शेवटी गेली. म्हणजे हे तिचं शेवटचं लिखाण. चार महिने ते माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी रोज तेच दार उघडून दूध काढत होतो.

फ्रिजवाला म्हणाला, काका, कॉम्प्रेसर गेलाय. म्हणालो, असू दे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

ऑफिसात व्हॉल्व्हला यादी तोंडी सांगितली. (आमच्या मीटर तपासणी विभागात याचं टेबल माझ्या शेजारी. एकदा उघडला की बंद होत नाही, म्हणून व्हॉल्व्ह.) त्याने फोनवर शोधलं. दूध नाही, अंडी नाही, लोकर नाही, चामडं नाही, याला व्हीगन म्हणतात. मग म्हणाला, पण वहिनी कधीपासून व्हीगन? गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे चिकन दोनदा वाढून घेतलं त्यांनी.

माणूस बदलतो. न सांगता बदलतो.

मी तिचं ऐकत नाही, असं तिचं मत होतं. ते बरोबर नव्हतं. मी ऐकत असे, फक्त उत्तर देत नसे. आता या सात ओळी शब्दशः पाळायच्या. तेवीस वर्षं लोकांच्या घरचे पाण्याचे मीटर वाचतोय. नियम एकच: काटा जे दाखवतो ते लिहायचं, आपल्या मनाचा अर्थ लावायचा नाही. रीडिंग चुकल्याची एकही तक्रार माझ्या नावावर नाही.

सुरुवात उद्यापासून. आजचं दूध फुकट घालवणं तिलाही आवडलं नसतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ७

काल दूध, अंडी आणि पेपर बंद केले. पेपर का, ते आधी लक्षात आलं नाही. मग आलं. झाडं.

बदामाचं दूध घरी केलं. रात्रभर भिजवायचे, सोलायचे, वाटायचे, फडक्यातून पिळायचे. फडकं सापडलं नाही म्हणून रुमाल घेतला. वाटीभर बदामांचं चार चमचे दूध निघालं. बाकीचं बहुधा रुमालाने प्यायलं.

चव चांगली आहे. सवय व्हावी लागेल. ओट्स कोरडे खाल्ले.

८ फेब्रुवारी, शनिवार

चौकापलीकडे नैसर्गिक वस्तूंचं दुकान आहे. दुकानाच्या बाई शहरातल्या व्हीगन मंडळाच्या संयोजिकाही आहेत. त्यांना पाकीट दाखवलं. त्यांनी ते दोन्ही हातांत धरलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, किती थोडक्या शब्दांत.

‘जड’ या शब्दावर त्या बराच वेळ थांबल्या. म्हणाल्या, चामड्याची बॅग नको, जड. म्हणजे मनावर जड, हो ना? एका जिवाचं ओझं. मी म्हणालो, तसंच असणार. खरं तर तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण शब्द तर तोच आहे.

‘मांजर शेजारी’ वाचून त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. मांजर पाळीव नाही, मालकीचं नाही. मांजर शेजारी आहे. आपल्या बरोबरीचं. म्हणाल्या, आम्ही बारा वर्षं मंडळ चालवतो, पण हे वाक्य आम्हाला सुचलं नाही.

एकतीस वर्षं माझ्या घरात असं माणूस होतं. मलाही कुठेतरी जाणवत असावं.

घेतलं: टोफू, सोयाची पावडर, कॉर्क आणि दाबलेल्या तंतूंचे बूट, आणि ‘पहिले शंभर दिवस’ ही पुस्तिका.

९ फेब्रुवारी, रविवार

गॅस बंद. संयोजिकांच्या मते ही पुढची पायरी. न शिजवलेलं अन्न. बरेच लोक दोन-तीन वर्षांनी तिथे पोचतात, तुमच्या मिसेस थेट पोचल्या.

सकाळी गाजर. दुपारी गाजर आणि कोबी. टोफू कच्चा खाल्ला. ओल्या खोडरबरासारखा लागतो, पण खोडरबराला प्रथिनं नसतात.

मांजराला सोयाच्या वड्या भिजवून दिल्या. त्याने वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि वाडग्यावर माती लोटण्याचा अभिनय केला. फरशीवर माती नव्हती तरी.

१० फेब्रुवारी, सोमवार

कॅन्टीनमध्ये सँडविच घेतलं. आत ऑम्लेट होतं. ब्रेडच्या आत असल्यामुळे दिसलं नाही. दुसरं घेतलं तेव्हाही दिसलं नाही.

विचार केला. घर आणि ऑफिस ही दोन वेगळी कनेक्शनं आहेत. एकाचं रीडिंग दुसऱ्यात मिळवत नाहीत. यादी घरच्या फ्रिजवर होती.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मेहुणीचा फोन. ही हिची धाकटी बहीण, शाळेत गणित शिकवते, त्यामुळे बोलताना एकही पायरी सोडत नाही. म्हणाली, भावोजी, ताईने भरून ठेवलेली बॅग उघडलीत का हो? त्याबद्दल एकदा बोलायचं आहे. तिचं ते आठ दिवसांचं ठरलेलं... मी म्हणालो, मंडळाची मीटिंग आहे, नंतर बोलू.

मीटिंग उद्या होती. पण ताईचा विषय निघाला की तिचा आवाज बदलतो. तिला त्रास नको म्हणून मी फोन लवकर ठेवतो.

संध्याकाळी पलंगाखाली पाहिलं. कापडी बॅग खरंच आहे. तिचे तीन सुती ड्रेस, माझे दोन सुती शर्ट, एक अर्धी चड्डी माझ्या मापाची (मी अर्धी चड्डी घालत नाही), रुंद काठाच्या दोन टोप्या. लोकर नाही. रेशीम नाही. चामडं नाही. प्राण्यांचं काहीही नसलेल्या कपड्यांचा संच तिने दोघांसाठी वेगळा काढून ठेवला होता.

दोघांसाठी. म्हणजे मीही यात यावं, असं तिला वाटत होतं.

चड्डी घालून पाहिली. होते.

१५ फेब्रुवारी, शनिवार

लोकरीचं नको. माझे स्वेटर काढले, तिची राखाडी शाल काढली. स्वेटर देताना काही वाटलं नाही. शाल दोनदा कपाटात परत ठेवली, मग शेजारच्या रिटायर्ड नर्सबाईंना नेऊन दिली. त्या म्हणाल्या, अहो, ही कशाला देता, ठेवा की तुमच्याकडे. मी म्हणालो, तिचीच इच्छा आहे. मग त्या मांजराबद्दल काही सांगू लागल्या, वहिनी विचारून गेल्या होत्या, आठ दिवसांचं काहीतरी. मला वर्कशॉपला उशीर होत होता.

वर्कशॉपचा विषय: टाकाऊ कापडातून पट्टा विणणे. माझा चामडी पट्टा बुधवारीच काढून टाकला होता, त्यामुळे गरज खरी होती. बाकी सगळ्या बायका. माझ्या पट्ट्याला संयोजिका म्हणाल्या, यात प्रामाणिकपणा दिसतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज मोठ्या सोसायटीच्या मीटर चेंबरमध्ये उतरायचं होतं. नेहमीचे गमबूट होते, पण नवीन बुटांना संधी द्यायला हवी म्हणून तेच घातले. चेंबरमध्ये घोट्यापर्यंत पाणी. कॉर्क पाण्यावर तरंगतं हे शाळेत शिकलो होतो. दाबलेले तंतू पाण्यात सुटे होतात हे पुस्तिकेत नव्हतं. वर आलो तेव्हा बुटांचे तळ खालीच राहिले होते. वर चढताना पट्ट्याचीही गाठ सुटली, आणि शिडीवर दोन्ही हात गुंतलेले.

वॉचमनने तोंड फिरवलं. सभ्य माणूस.

व्हॉल्व्ह दिवसभर: साहेब, तुम्हाला पूर्वी लोक दुधखुळे म्हणायचे. आता दूध बंद केलंत, मागे काय राहिलं बघा.

सगळे हसले. मीही हसलो. मोठा मुद्दा आहे, लोकांना वेळ लागतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आजवरचा हिशोब काढला. पूर्ण व्हीगन: ७१ टक्के. सँडविच (आता पाच), व्हॉल्व्हच्या वाढदिवसाचा केक (माणूस दुखावला असता) आणि दुधाची पावडर असलेली बिस्किटं (वेष्टन पुडा संपल्यावर वाचलं) धरून. पाणी खात्यात तीस टक्क्यांपर्यंत गळती क्षम्य मानतात. मी एकोणतीसवर आहे.

वजन चार किलो कमी. पुस्तिका म्हणते, शरीर जुनं काही सोडत आहे.

२२ फेब्रुवारी, शनिवार

मांजर गेलं. नर्सबाईंकडे. तिकडे त्यांनी बशीत मासा ठेवला होता.

परत आणायला गेलो. मांजर हिच्या शालीवर झोपलं होतं. नर्सबाई म्हणाल्या, बसा ना जरा. बसलो. तासभर बसलो. मांजर घोरत होतं. शालीला अजून हिच्या तेलाचा वास आहे, आणि थोडा माशाचा.

घरी येताना लक्षात आलं, मांजर शेजारी. यादीतली एवढी एकच ओळ शंभर टक्के पाळली गेली, आणि ती मांजराने पाळली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

मंडळाचं प्रदर्शन ९ मार्चला. हॉलमध्ये खाणं, खरेदी, हस्तकला असे तीन विभाग. संयोजिका म्हणाल्या, दारातच तुमच्या मिसेसचं पाकीट फ्रेम करून लावायचं. खाली ‘एका गृहिणीचा शेवटचा संदेश’. आणि तुम्ही पाच मिनिटं बोलायचं. मी म्हणालो, मी बोलणारा माणूस नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही कुठे बोलणार आहात, त्या बोलणार आहेत.

कापडी पिशव्यांवर ‘मांजर शेजारी’ छापायचं ठरलं. हिचं अक्षर जसंच्या तसं. ‘र’चा तिचा तो खाली ओढलेला फराटा आता चारशे पिशव्यांवर येईल.

रोज नर्सबाईंकडे जातो. मांजराला बघायला.

२ मार्च, रविवार

भाषण लिहिलं. अडीच मिनिटं झालं. उरलेल्या वेळात ती कशी होती ते सांगावं, असं ठरवलं. अर्धा तास बसलो. ‘शांत’ एवढंच लिहून झालं. ती शांत नव्हती. शांत मी आहे. खोडलं.

मेहुणीला प्रदर्शनाला बोलावलं. ताईचा गौरव आहे म्हणालो. ती म्हणाली, ताईचा? कशाबद्दल? म्हणालो, येऊन बघ.

९ मार्च, रविवार. सायंकाळी ५

सगळं उतरवून ठेवायला हवं.

गर्दी चांगली होती. सोयाच्या मेणबत्त्या, नारळाच्या दोऱ्याच्या चपला, काजूचं चीज. दारात फ्रेम, फ्रेमला हार. लोक फ्रेमसमोर उभं राहून फोटो काढत होते. एक बाई मोठ्याने वाचत होत्या आणि त्यांचे मिस्टर मान हलवत होते.

मेहुणी साडेअकराला आली. तिने चष्मा लावला आणि वाचलं. पुन्हा वाचलं. मग मला कोपऱ्यात काजूच्या चीजच्या टेबलामागे नेलं आणि खालच्या आवाजात म्हणाली, भावोजी, ही परगावी जायची यादी आहे.

मी म्हणालो, नाही.

ती म्हणाली, थांबा. दूध बंद, अंडी बंद, पेपर बंद, हे कोण सांगतं? घराला कुलूप लावून आठ दिवस बाहेर जाणारा सांगतो. पुढे. मांजर शेजारी, म्हणजे मांजर शेजारी ठेवायचं. नर्सबाईंना विचारा, त्या हो म्हणाल्या होत्या. लोकरीचं नको, कारण समुद्रावर उकडतं. चामड्याची बॅग नको.

मी म्हणालो, ती जड आहे. मनावर.

ती म्हणाली, पाठीवर. तुमच्या. तुमची पाठ दुखते आणि बॅग तुम्हीच उचलणार, म्हणून तिने कापडी घेतली. माझ्याबरोबर जाऊन घेतली.

काजूचं चीज विकणाऱ्या बाईंनी मला चवीला तुकडा दिला. मी खाल्ला.

मग शेवटची पायरी राहिली होती. मेहुणी म्हणाली, आता गॅस बंद. तुम्ही घरी राहणार असता तर तिने गॅस बंद लिहिलं असतं का? म्हणजे घरात कोणी नाही. म्हणजे तुम्हीही नाही. ऑक्टोबरात आठ दिवस, तुम्ही दोघं. खोली तिने सांगून ठेवली होती. तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्ही काय म्हणालात, आठवतं?

आठवत होतं. बघू म्हणालो होतो.

ती म्हणाली, तुमच्या ‘बघू’चा अर्थ आमच्या सगळ्या घराला पाठ आहे, भावोजी. या वेळी ताईने तो ‘हो’ असा लावला. मी तिला म्हटलंसुद्धा, अगं, चुकतेयस. ती म्हणाली, चुकू दे.

तेवढ्यात माईकवरून माझं नाव पुकारलं. पाच मिनिटं बोललो. काय बोललो ते आठवत नाही. टाळ्या झाल्या. मेहुणी शेवटच्या रांगेत उभी होती, तिने वाजवल्या नाहीत.

११ मार्च, मंगळवार

संयोजिकांना दुकानात जाऊन खरं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाल्या, काका, रविवारी एकवीस जणांनी दूध सोडलं. आता ती यादी कशाची होती याला काय महत्त्व आहे? अर्थ बघा. मी म्हणालो, फ्रेम परत हवी. त्या म्हणाल्या, ती आता जिल्ह्याच्या संमेलनाला गेली.

मग त्यांनी मला एक पिशवी भेट दिली.

काही ओळी दोन्ही अर्थांनी खऱ्या असू शकतात. मीटर बंद असला म्हणून पाणी वाहत नाही असं नाही. हा मुद्दा मेहुणीला सांगणार होतो. फोन लावला आणि तिने उचलायच्या आत ठेवला.

१३ मार्च, गुरुवार

गॅस चालू केला. ऑम्लेट केलं, उघडपणे, ताटलीत, टेबलावर बसून. चोरून नसल्यामुळे की काय, चव लागली नाही.

साहेबांकडे आठ दिवसांची रजा मागायचं ठरवलं. उद्या.

१४ मार्च, शुक्रवार

साहेब मीटिंगमध्ये. सोमवारी.

१७ मार्च, सोमवार

साहेब मोकळे होते. मी नव्हतो. मोठ्या सोसायटीचं रीडिंग पुन्हा घ्यावं लागलं. त्या दिवशी शिडीवर घाईत मी आकडा चुकीचा उतरवला होता. तक्रार आली. माझ्या नावावर पहिली.

मला चिडवायला व्हॉल्व्हला चांगली संधी होती. त्याने ती सोडून दिली. माझ्याबरोबर आला, टॉर्च धरला, चेंबरच्या तोंडाशी उभा राहिला. म्हणाला, सावकाश वाचा, घाई नाही.

२० मार्च, गुरुवार

मंडळाचं पत्र. माझी सर्वानुमते सन्माननीय सल्लागार म्हणून निवड. उत्तर पाठवलेलं नाही. नकार द्यायचा आहे, पण शब्द नेमके हवेत.

२३ मार्च, रविवार

मेहुणीने घरी बोलावलं होतं. गेलो. म्हणालो, त्या दिवशी हॉलमध्ये मी नीट बोललो नाही. ती म्हणाली, तुम्ही कुठेच नीट बोलत नाही, बसा. ती आत गेली आणि ओट्यापाशी पातेलं ठेवल्याचा आवाज आला. तिथूनच विचारलं, भावोजी, चहात दूध घालू, की तुमची चळवळ अजून चालू आहे?

तिला बरं वाटावं म्हणून म्हणालो, ताईला करायचीस तसा कर.

आतला आवाज थांबला. ती हातात चमचा घेऊन दारात आली. म्हणाली, ताई चहा घेत नव्हती. सहा वर्षं झाली. पोटात जळजळायचं म्हणून डॉक्टरांनी सोडायला लावला होता. तुमचा मात्र दोन्ही वेळचा तीच करत होती ना?

मी म्हणालो, हो, ते मला माहीतच आहे. मला म्हणायचं होतं, चहाऐवजी तिला जे द्यायचीस ते दे.

ती म्हणाली, काय द्यायची मी?

वर्गात एखाद्याला फळ्यासमोर उभं करून जेवढा वेळ देत असेल, तेवढा तिने दिला. मी खिडकीकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं. तिने घाई केली नाही.

मग म्हणाली, कोमट पाणी, भावोजी.

कोमट पाणी घेतलं.